थंड पेटीचं शहर

विमानात जे जेवण मिळतं, ते खाता खाता तुम्ही ज्यांच्या नावाने बोटं मोडता, ते आम्ही. विमानतळाच्या मागच्या अंगाला, जिथे प्रवासी चुकूनही येत नाही, तिथे आमचं स्वयंपाकघर आहे. स्वयंपाकघर म्हणायचं आपलं, आत शिरलं की कारखानाच. डोक्याला जाळी, हातात मोजे, समोर सरकता पट्टा. पट्ट्यावरून जे येईल त्यात आपण आपली एक वस्तू ठेवायची आणि पुढे ढकलायचं. मी लोणी ठेवते. शेजारची बाई झाकण लावते, म्हणून तिला सगळे झाकणवाली म्हणतात. मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण ते इथे सांगायची काही गरज नाही.

आमच्या इथे शहरांना नावं नसतात. विमान दोन तासांच्या आत उतरणार असेल तर प्रवाशाला पुठ्ठ्याची पेटी मिळते. तिच्यात काकडीचं सँडविच, केकचा तुकडा, लोणी, एक बन. ही थंड पेटी. त्याहून लांब जायचं असेल तर एक गरम ट्रे. आणि माणूस मध्ये झोपून उठणार असेल, इतकं लांब असेल, तर दोन गरम. आम्ही जगाचे हे एवढेच तीन भाग करतो. कुणाचा भाऊ कुठे असतो विचारलं तर उत्तर येतं, एक गरमला असतो. झाकणवालीचा दीर दोन गरमला आहे, त्यामुळे घरात शांतता आहे असं ती सांगते.

माझी थोरली बहीण लग्न होऊन परमुलखात गेली त्याला तीस वर्षं होऊन गेली. तिचं शहर मी मनातल्या मनात दोन गरममध्ये टाकून ठेवलं होतं. का, तर ताईच तसं म्हणायची. कधीही ये म्हटलं की एकच पालुपद, "लांब आहे गं, तुला नाही कळायचं." तिच्या आवाजात असं काही असायचं की वाटावं, ही बया चंद्रावर धुणी वाळत घालते. फोनवर दोन मिनिटांत बघता आलं असतं, मान्य आहे. पण घरच्या माणसाचं बोलणं फोनवर तपासून कोण बघतं? नवऱ्याचं बघतात, बहिणीचं नाही.

बरीच वर्षं मी गरम विभागात होते. तिथे उबदार असायचं. मग मुख्य आचाऱ्याने एक नवा पांढरा सॉस काढला आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमकं मलाच विचारलं, कसा झालाय. मी म्हटलं, भिंतीला लावायला चांगला आहे. साहेब हसले. आचारी हसला नाही. दुसऱ्या दिवशी मी थंड विभागात होते, अंगात दोन स्वेटर घालून.

तिथे आठवडाही झाला नसेल. भरलेल्या पेट्या चाकांच्या कपाटात रचतात आणि कपाटावर कार्ड अडकवतात, त्यावर विमानाचा नंबर आणि शहराची तीन अक्षरं असतात. एका कपाटावर मी ताईच्या शहराची अक्षरं बघितली. मला वाटलं कार्ड चुकलंय. मी झाकणवालीला विचारलं. ती म्हणाली, छे, हे तर रोजचं विमान आहे, दीड-पावणेदोन तास लागतात, मागून वारा असेल तर त्याहून कमी. लोकांचा केक संपतो न संपतो तोच उतरायची घोषणा होते म्हणे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या थंड खोलीत मला घाम फुटला. दीड तास! आमच्या घरापासून ह्यांच्या आत्याकडे जायला दीड तास लागतो, आणि ती आत्या नको म्हटलं तरी महिन्यातून दोनदा टपकते. ताईने बहिणीला, आईला, सगळ्या घरादाराला तीस वर्षं उल्लू बनवलं होतं. आणि कशासाठी, तर काकडीच्या सँडविचच्या अंतरासाठी. त्या दिवशी मी किती पेट्यांमध्ये दोन दोन लोणी टाकली आणि किती पेट्यांमध्ये एकही टाकलं नाही, ते त्या प्रवाशांनाच माहीत.

एरवी मी चार दिवस धुसफुसले असते आणि विसरले असते. पण ह्या वेळी आईचा प्रश्न होता.

आई आमच्याकडे असते. तिचे डोळे चाललेत. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या मागचा पडदा खराब होतोय, आता समोरचं दिसत नाही, फक्त कडेचं दिसतं, आणि तेही फार दिवस राहणार नाही. म्हणून आईला कुणाकडे बघायचं असलं की ती मान दुसरीकडे वळवते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते. नवीन माणसाला वाटतं, म्हातारी रुसली. टीव्हीसुद्धा ती भिंतीकडे तोंड करून बघते. ह्यांना ते बघवत नाही, ते टीव्हीच बंद करतात, आणि मग दोघांचं वाजतं.

आईची एकच इच्छा होती. थोरलीला एकदा डोळ्यांनी बघायचंय. ती काही रडत-बिडत नाही, तिचा तो स्वभाव नाही. फोनवर चेहरा दाखवून झाला होता. आई म्हणाली, फोनमध्ये सगळे बटाट्यासारखे दिसतात, मला माझी मुलगी बघायचीय, बटाटा नको. आम्ही ताईला कळवलं. ताई म्हणाली, येते, जमवते, थोडं थांबा, लांब आहे ना. दोन महिने ती जमवतच होती. मी चिडले की आई उलट मलाच गप्प करायची. "असू दे गं, तिला लांब पडतं," म्हणायची. आई ताईची बाजू घेते ते मला लहानपणापासून खपत नाही. मी जवळ राहून औषधं घालायची आणि कौतुक लांबच्या लेकीचं.

आणि बाबांच्या वेळचं होतंच. बाबा गेले तेव्हा ताईला तासाभरात फोन गेला होता. ती पोचली तिसऱ्या दिवशी. सगळं आटपल्यावर. दारात उभी राहिली ती पायात भाऊजींच्या भल्या मोठ्या चपला घालून, केस पिंजारलेले, तोंड सुजलेलं. आल्या आल्या म्हणाली, जरा पडते. बापाचं तोंड बघायला मिळालं नाही आणि ही बाई पडते! मी तेव्हा काही बोलले नाही, पण ती गोष्ट माझ्या पोटात बसली ती बसलीच. आणि आता कळलं की ती दीड तासावर होती.

संध्याकाळी घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, मी जातेय. कामावरच्या माणसांना वर्षातून एक तिकीट फुकट मिळतं. मी कधीच घेतलं नव्हतं, कारण जे जेवण आपण केलंय ते खायला आपणहून कोण जाईल? पासपोर्ट ह्यांनी एकदा हौसेने दोघांचेही काढून ठेवले होते, आणि मग आम्ही त्या हौसेवर कधी गेलोच नाही. ह्यांनी विचारलं, ताईला सांगितलंस का? मी म्हटलं, सांगितलं तर ती आणखी लांब जाऊन बसेल. जायचं, तोंडावर बोलायचं, हाताला धरून दुसऱ्या दिवशी घेऊन यायचं. ह्यांनी हात जोडले. मला नाही, देवाला, बहुधा ताईसाठी.

आता विमानाबद्दल सांगते. इतकी वर्षं मी विमानांना जेवू घातलं, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. मला वाटलं होतं, बसमध्ये बसतात तसं बसायचं. बसले. पट्टा बांधला. शेजारी एक टाय लावलेला गृहस्थ पेपर वाचत होता. मग ते यंत्र जे काही धावायला लागलं, आणि धावता धावता जे तोंड वर केलं, तेव्हा माझं सगळं पोट मागच्या सीटवर राहिलं. मी त्या गृहस्थाचा हात धरला. ह्यांचा हात मी लग्नातसुद्धा इतका घट्ट धरला नव्हता. तो बिचारा आधी दचकला, मग लाजला, मग त्याने एका हाताने पेपर वाचायचा प्रयत्न केला.

वर गेल्यावर बरं वाटेल असं तो म्हणाला. वर गेल्यावर ते हलायला लागलं. मी त्या कागदी पिशवीचा उपयोग केला, दोनदा. मग पेटी आली. माझीच पेटी, माझ्याच विभागातली. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गृहस्थाने स्वतःची संपवली आणि माझी विचारून घेतली. खाता खाता म्हणाला, लोणी फार कडक आहे, ह्या लोकांना साधं लोणी देता येत नाही. एरवी मी त्याला लोणी दाखवलं असतं. पण माझी बोलती बंद होती. दीड तास म्हणे. झाकणवालीला एकदा बसवायला पाहिजे, मग कळेल दीड तास म्हणजे काय असतं.

उतरल्यावर मी आधी टेकायला भिंत शोधली. तरीही राग जागेवर होता. रागावरच मी टॅक्सीत बसले, रागावरच तीन जिने चढले आणि बेल वाजवली. दार भाऊजींनी उघडलं. मला बघून त्यांच्या हातातला चमचा पडला. आणि मला पहिली काय दिसली, तर दारापाशी भरून ठेवलेली बॅग. गच्च भरलेली, वर छत्री बांधलेली. आईचे डोळे जायला आलेत आणि बाईसाहेब कुठेतरी फिरायला निघाल्यात! माझं उरलंसुरलं डोकं फिरलं.

ताई आतून आली. जाड झाली होती, केस पांढरे झाले होते. ते सगळं मी नंतर बघितलं. आधी मी तोंड सोडलं. दारातच. थंड पेटी काय, दीड तास काय, बाबांचं काय, आईचं काय, सगळं बाहेर काढलं. समोरच्या बिऱ्हाडातून कुणीतरी दार उघडून बघितलं आणि हळूच परत लावलं. तीस वर्षांचं होतं, त्याला वेळ लागला. लहानपणी मी एक शब्द बोलले तर ताई चार ऐकवायची. चाळीभर तिचा दरारा होता. पिसाळलेल्या कुत्र्याला तिने एकटीने काठीने हाकललं होतं, मुलगे झाडावर चढून बसले असताना. ती आता उलटून बोलेल म्हणून मी पुढचं तयार ठेवलं होतं. पण ती माझ्याकडे बघत उभी राहिली आणि तिची हनुवटी हलायला लागली.

शेवटी भाऊजीच म्हणाले, "अहो, ती विमानात बसत नाही."

मी म्हटलं, बसत नाही म्हणजे? त्यांनी ताईकडे बघितलं. ताई खुर्चीत बसली आणि जमिनीकडे बघत बोलायला लागली. लग्नानंतर दोघं इकडे यायला निघाले तेव्हा ती पहिल्यांदा विमानात बसली होती. दार लागलं. विमान हळूहळू निघालं. आणि ताईला वाटलं, आपण मरणार. तिने पट्टा सोडला, धावत दारापाशी गेली आणि दोन्ही मुठींनी दार बडवायला लागली. किंचाळत होती म्हणे. चौघांनी धरलं. विमान थांबवलं, वळवलं, शिडी परत लावली आणि नव्या नवरीला सगळ्या प्रवाशांच्या देखत खाली उतरवलं. मागोमाग भाऊजी, हातात दोघांच्या पिशव्या घेऊन. मग ते दोघं बसने आले. बस, मग बोट, मग परत बस. तीन दिवस. तेव्हापासून ताईने भाऊजींना शपथ घातली होती की हे माहेरी कळता कामा नये.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुला सांगितलं असतं तर तू जन्मभर हसली असतीस, चिमे."

हसले असते. खोटं कशाला बोलू? चार जणांना बोलावून हसले असते.

आईच्या डोळ्यांचं कळल्यावर ती दोनदा विमानतळावर गेली होती. तिकीट काढून. एकदा दारातून परत आली, एकदा तर आत, विमानाची वाट बघत बसतात त्या खुर्चीपर्यंत गेली आणि मग पाय उचलेनात. बोट वाऱ्याच्या दिवसांत बंद असते, त्यामुळे तोही रस्ता नव्हता. ती परवा सुरू व्हायची होती. दाराशी होती ती बॅग त्या बोटीची होती. गेले पंधरा दिवस तशीच भरून ठेवली होती, भाऊजी येता जाता तिला अडखळत होते.

मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. बाबा गेल्याचा फोन आल्यावर ही त्याच पावली निघाली होती. वाटेत कुठेही थांबली नव्हती. तीन दिवस बसून पाय इतके सुजले होते की स्वतःच्या चपला चढेनात, म्हणून पिशवीत बरोबर आणलेल्या भाऊजींच्या घातल्या होत्या. आणि दारात आल्यावर ती म्हणाली होती, जरा पडते. मला इतकी लाज वाटली की मी पाणी मागितलं, तेही धड मागता आलं नाही.

जेवताना ठरलं. म्हणजे ताईने ठरवलं, आता तिला कंठ फुटला होता. ती म्हणाली, तू उद्या विमानाने परत जा, तुझं तिकीट आहे, मी परवाच्या बोटीने मागून येते, आईला सांग मी निघालेय. मी मोठ्या मनाने तोंड उघडलं. म्हणणार होते, वेडी का, डोळे मिटून माझा हात धर, दीड तासात आईसमोर उभी करते. पण विमान म्हटल्याबरोबर ती कागदी पिशवी आठवली. ते धावणं आठवलं. ते तोंड वर करणं आठवलं. मी म्हटलं, "छे, तुला एकटीला कशी सोडू? ह्या वयात? मी येते बसने तुझ्याबरोबर."

ताईने घास तोंडाशी थांबवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. ती माझी थोरली बहीण आहे, तिच्यापुढे माझं कधी काही लपलेलं नाही.

"घाबरलीस ना?" ती म्हणाली.

मी म्हटलं, घाबरले कसली, जरा मळमळलं. भाऊजींनी विचारलं, किती वेळा? मी म्हटलं, दोनदा. ताईला हसू फुटलं. मग मलाही फुटलं. टायवाल्या गृहस्थाचं सांगितलं तेव्हा तिला ठसका लागला आणि भाऊजी पाण्याचा तांब्या घेऊन आमच्या मध्ये उभे राहिले, आधी कुणाला द्यावं ते न कळून. तीस वर्षांत आम्ही दोघी इतक्या हसलो नव्हतो. मी घरी फोन करून ह्यांना सांगितलं की मी बसने येतेय. ह्यांनी विचारलं, का? मी म्हटलं, फोन महाग पडतो, आणि ठेवून दिला.

रस्त्याचं काय सांगू! जो दीड तास झाकणवाली सांगते त्याच्याखाली डोंगर आहे, समुद्र आहे, आणि दोन ठिकाणी बॅगा उघडून बघणारे शिपाई आहेत. पहिल्या बसमध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती. बोटीवर ताई खूश, मी आडवी. तिला पाण्याची भीती नाही, मला पाण्याचीही असल्याचं मला तिथे कळलं. दुसऱ्या बसची खिडकी बंद होत नव्हती. वळणावळणांच्या घाटात ताईने भाऊजींच्या चपला पिशवीतून काढल्या आणि घातल्या, अगदी सवयीने, आपण चष्मा घालतो तशा. मी माझे बूट काढले ते परत चढेनात. शेवटच्या दिवशी मी नुसती खिडकीबाहेर बघत बसले होते. मनात एवढंच येत होतं की त्या वेळी ती ह्याच रस्त्याने एकटी आली होती, बाप गेलेला, शेजारी बोलायला कुणी नाही, आणि घरी मी तिच्या नावाने बोटं मोडत होते. मी तिला म्हटलं, ताई, माझं चुकलं. ती म्हणाली, गप गं, झोप, आणि माझं डोकं ओढून आपल्या खांद्यावर ठेवलं. पदराची पिन टोचत होती, पण मी हलले नाही.

घराच्या कोपऱ्यावर रिक्षा थांबली तेव्हा ताईने मला बजावलं. आईला बसचं सांगायचं नाही. तिला काळजी वाटेल, आणि वर लाजही. विमानाने आलो म्हणून सांगायचं. मी म्हटलं, सांग तू, मी हो ला हो करते, आणि ह्यांना डोळ्यांनी दटावते. मी बूट हातात घेतले आणि अनवाणीच जिना चढले.

आई खिडकीशी बसली होती. ताई चपला काढायचं विसरून तशीच तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. आईने मान वळवून भिंतीकडे तोंड केलं. ताईचा चेहरा पडला. मी तिला कोपराने ढोसलं, कानात म्हटलं, बघतेय ती तुलाच, हलू नकोस. ताई शाळेतल्या मुलीसारखी ताठ उभी राहिली. आई बघत राहिली. कितीतरी वेळ. केस, चेहरा, मान, हात, सगळं डोळ्याच्या त्या कोपऱ्यातून, सावकाश, एकही गोष्ट सुटू न देता. ह्यांनी उगाच टीव्हीचा रिमोट उचलला आणि परत ठेवला.

"जाड झालीस," आई म्हणाली.

"तुझ्यावर गेलेय," ताई म्हणाली.

मग आईने विचारलं, प्रवास कसा झाला. ताईने ठरल्याप्रमाणे सांगितलं, विमानाने आलो, दीड तासात, कळलंसुद्धा नाही. मी तिखटमीठ लावलं. खिडकीची जागा मिळाली होती, वरून ढग काय सुंदर दिसत होते, माझा केकसुद्धा हिनेच खाल्ला. आम्ही दोघी इतकं छान खोटं बोलत होतो की मलाच ते खरं वाटायला लागलं. आईची नजर भिंतीवरून खाली सरकली. ताईने पाय साडीत ओढून घेतले, पण उशीर झाला होता.

"चपला जावयाच्या आहेत," आई म्हणाली. "बाबांच्या वेळीही ह्याच घालून आली होतीस. आणि पायही असेच होते."

म्हणजे हिला तेव्हापासून माहीत होतं. मी चिडायची तेव्हा, असू दे गं, तिला लांब पडतं, म्हणायची ती हे बघून म्हणायची.

"खोटंच बोलायचं होतं," आई म्हणाली, "तर मी पुरती आंधळी होईपर्यंत थांबायचं होतंस."

ताई खाली बसली आणि तिने आईच्या मांडीत तोंड खुपसलं. काठीने कुत्रं हाकलणारी माझी बहीण, तिला मी असं हमसून रडताना आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. आई तिच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवत राहिली. मला वाटलं, आता आपण आत जावं, चहाचं बघावं. मी वळले.

"धाकटे, तू कुठे निघालीस?" आई म्हणाली. तोंड तिचं भिंतीकडेच होतं. "तुझे तिच्याहून जास्त सुजलेत. बस तिच्याशेजारी."

मग आत ह्यांनीच पाणी तापवलं. कपड्यांचा मोठा टब बाहेर आणला, त्यात ऊन पाणी ओतलं, मीठ टाकलं. लहानपणी आम्ही एकाच टबात पाय बुडवायचो आणि ताई मला ढकलायची. आताही तिने ढकललं. मी परत ढकललं. पाणी फरशीवर सांडलं आणि हे फडकं शोधायला गेले. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि आमच्याकडे बघत होती.